पोस्टपोन झालेले ग्लास

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्या भाषेतल्या एकाच शब्दाचा मला मनापासून राग आहे. पोस्टपोन. आठवीच्या धड्यात तो आला की मी फळ्यावर अर्थ लिहिते, ‘पुढे ढकलणे’, आणि पटकन पुढच्या शब्दावर जाते. मुलींना वाटतं, बाईंना घाई आहे. घाई मला जन्मजात आहेच. लग्नाला वेळेवर जाऊन मांडवात एकटीच बसलेली बाई दिसली तर ती मी, असं खुशाल समजावं. पण या शब्दाचं कारण वेगळं आहे. तो मी चौथीत असताना शिकले, घरातच शिकले, आणि पहिल्यांदा वापरला तो खोटं बोलायला.

भाईंदर पूर्वेला आमची जुनी चार मजली इमारत आहे. म्हणजे या महिनाअखेरीपर्यंत आहे. रिडेव्हलपमेंटचं भिजत घोंगडं सात-आठ वर्षं पडलेलं होतं. बिल्डर बदलले, कमिट्या बदलल्या, सोसायटीच्या मीटिंगांत मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत भांडणं झाली. पाडायची तारीख इतक्या वेळा पुढे गेली की लोकांनी घरांना पुन्हा रंग लावून घेतले. आणि मग एका सकाळी अचानक खरी तारीख आली. महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करा.

तिथल्या एका खोलीत माझे वडील आणि आत्या राहतात. वडील अठ्ठ्याहत्तरचे, आत्या त्यांच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. आई गेल्याला सहा वर्षं झाली. मी लग्न होऊन जेसल पार्कला, चालत वीस मिनिटांवर. नवी इमारत उभी राहीपर्यंत दोघांनी माझ्याकडे यावं असं मी ठरवून टाकलं होतं. वडील तयार झाले. आत्या म्हणाली, “मी काशीगावला जातेय.” भांड्यांच्या दुकानात तिच्या शेजारी पस्तीस वर्षं बसलेली तिची मैत्रीण तिथली. तिची घराला लागून एक खोली रिकामी होती. “ये गो माझे घरा, रूम खाली हाय, दोघी मिळून भांडू,” असं तिने म्हटलं आणि आत्याने लगेच पिशव्या भरायला घेतल्या.

त्या दिवशी वडिलांनी मला गॅलरीत बोलावलं. पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर बहीण-भाऊ पहिल्यांदाच वेगळे राहणार होते. मला वाटलं, ते तिला थांबवायला सांगतील. ते म्हणाले, “मला तिला एक सांगायचंय गो. ती तिकडे जायच्या आत.”

काय सांगायचंय ते मी विचारलं नाही. ते या जगात आता आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आम्ही रत्नागिरीकडचे. वडील भाईंदरला आले ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. तेव्हा इथे गल्लोगल्ली भांड्यांचे गाळे होते. पॉलिशवाल्यांचे हात, नाक, पापण्या काळ्या आणि त्यांच्या हातून निघालेले डबे आरशासारखे, अशी सगळी उलटी तऱ्हा. आमच्या गॅलरीतून पलीकडे मिठागरं दिसायची, उन्हाळ्यात मिठाच्या राशी दिसायच्या. आता तिथे दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात आणि त्यांत वाळत घातलेले त्यांचे कपडे.

वडिलांना एक जोडकला येत होती. भांड्यांवर नाव घालायची. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. लग्नात, बारशाला, मुंजीला भांडं द्यायचं तर त्यावर नाव हवंच. विजेवर चालणारी पेनासारखी एक छोटी मशीन असते, तिची सुई थरथरत स्टीलवर टोचत जाते आणि बारीक ठिपक्यांची अक्षरं उमटतात. कर्रर्र असा आवाज येतो, दाढा शिवशिवतात. नाव घातलं की भांडं बदलता येत नाही, परत करता येत नाही, शेजारणीकडे गेलं तरी घरी परत येतं. वडिलांचं अक्षर सुरेख होतं. रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात बसून ते लोकांची नावं घालायचे.

आत्या गावाहून आमच्याकडे आली तेव्हा एकवीस-बावीसची होती. आजी-आजोबा गेले होते, म्हणून तिचं लग्न करून देणं हे वडिलांचं काम होतं. मी अंगठा चोखत होते तेव्हापासून मला ओळखते, असं ती म्हणते. मला आठवते ती तिची वेणी. एवढी जाड की ती अंघोळीहून आली की केस वाळेपर्यंत आई तिला गॅलरीतून आत येऊ द्यायची नाही, सगळी जमीन ओली होते म्हणून.

ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, घरची माणसं बरी. आमच्या दीड खोलीत बघण्याचा कार्यक्रम झाला. आत्याने पोहे दिले, खाली मान घालून दोन प्रश्नांची उत्तरं दिली, आणि ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी ठरवलं, बहिणीच्या लग्नात येणाऱ्या प्रत्येक घराला एक ग्लास द्यायचा आणि त्यावर नाव आपल्या हाताने घालायचं. दोन महिने आमच्या घरात रविवारी दुपारी कर्रर्र चालू होतं. शंभरावर ग्लास झाले. वधू आणि वराचं नाव, मध्ये पाच पाकळ्यांचं फूल, खाली तारीख. आत्या शेजारी बसून एकेक ग्लास फडक्याने पुसायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळायची. मला पाकळ्या मोजायचं काम होतं. एका ग्लासावर चारच निघाल्या, तो मी माझ्यासाठी मागून घेतला.

खरी चूक वेगळीच झाली होती, आणि तिला आमच्याकडच्या माणसांखेरीज कोणी चूक म्हणणारही नाही. लग्न व्हायच्या आधी स्टीलवर तारीख घालायची. कागदावरची शाई निदान फिकी तरी होते.

तारखेला नऊ दिवस उरले असताना मुलाचे आजोबा गेले. सुतक आलं. मुलाचा काका आमच्याकडे निरोप घेऊन आला. मला तो आठवतो, कारण त्याने चहा बशीत ओतताना सगळ्यांना धीर दिला. “मोडलं नाही हां. मनात काही आणू नका. फक्त पोस्टपोन झालंय.” कचेरीतला शब्द होता तो, इस्त्री केल्यासारखा. घरात तो शब्द असा काही ठसला की आई दळणाला जायचं राहिलं तरी म्हणायची, आज दळण पोस्टपोन.

मग पावसाळा लागला. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर बघू, असं दोन्हीकडून ठरलं. ग्लास पोत्यांत भरून माळ्यावर गेले.

तुळशीचं लग्न झालं आणि चार-पाच दिवसांनी निळं आंतर्देशीय पत्र आलं. मी शाळेतून आले होते, आईचे हात भाकरीच्या पिठात होते. “वाच बघू मोठ्याने,” ती म्हणाली. मी वाचनात पहिली, त्यामुळे खड्या आवाजात वाचलं. नमस्कार, विनंती विशेष, सर्व कुशल. मग ‘काही घरगुती कारणास्तव हा संबंध पुढे नेणे आम्हांस शक्य नाही, तरी आपण कन्येसाठी अन्यत्र पाहावे.’ अन्यत्र म्हणजे काय हे मला कळलं नाही. आईने भाकरी तव्यावरच राहू दिली. तिचा वास घरभर सुटला.

वडील आले, त्यांनी पत्र दोनदा वाचलं, काळ्या बोटांचे डाग त्यावर पडले. आत्या शिवणक्लासला गेली होती. तिने जाताना पोस्टमन इमारतीत शिरताना पाहिला असणार, कारण चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, “दादा, पत्र आलं?”

वडील म्हणाले, “आलंय. पुन्हा पोस्टपोन झालंय.”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही माझ्याकडे पाहिलं. घरात पत्र मीच वाचते हे तिला माहीत होतं. “हो गं?” तिने मला विचारलं.

“हो आत्या,” मी म्हणाले, “पोस्टपोन.”

मला शब्द बरोबर वापरल्याचा अभिमान वाटला होता. हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे.

वडिलांवर एकदम रागावू नका. मी पुष्कळ वर्षं रागावून पाहिलंय. आमच्या घरात वाईट शब्द तोंडाने उच्चारायचा नाही ही रीत होती. बांगडी फुटत नसे, वाढत असे. देवापुढचा दिवा विझत नसे, शांत होत असे. बाहेर निघताना कोणी ‘जातो’ म्हणालं तर आई हातातलं काम टाकून ‘येतो म्हण’ असं वदवून घ्यायची. अशा घरात बहिणीला ‘तुझं लग्न मोडलं’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? वडिलांना वाटलं, आत्ता पोस्टपोन म्हणू. दुसरं चांगलं स्थळ मिळालं की मग तिला सांगू, म्हणजे तिला लागणार नाही.

पण दुसरं स्थळ मिळायचं कसं? गावाकडचं कोणी विचारायला आलं, “धाकटीचं काय?” की वडील म्हणायचे, “ठरलंय तिचं. पोस्टपोन झालंय.” मोडलं म्हणावं तर लोक विचारणार का मोडलं, आणि दोष मुलीतच काढणार. आईच्या नात्यातला एक चांगला मुलगा होता, वसईला शिक्षक. आईने दोनदा विषय काढला. वडील म्हणाले, “आधीचं मोडलंय हे सांगावं लागेल ना त्यांना.” आई म्हणाली, “मग सांगा.” वडील म्हणाले, “बघू. दिवाळीनंतर.” त्या शिक्षकाने दिवाळीची वाट पाहिली नाही.

मी कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा वाचनालयातल्या जाडजूड शब्दकोशात तो शब्द मुद्दाम काढून पाहिला. लॅटिनमधून आलाय. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. नंतर ठेवणे, एवढंच. पण खाली बारीक टाइपात एक जुना, आता कोणी न वापरणारा अर्थही दिला होता. एखाद्याला दुसऱ्यापेक्षा खालच्या पायरीवर ठेवणे. त्याला मागे बसवणे. मी कोश बंद केला. आमच्या घरात आत्या शेवटी जेवायची. तिच्या लग्नाच्या आधी माझ्या शाळेचा प्रश्न आला, मग ही खोली घेणं आलं, मग आईचं ऑपरेशन आलं, मग माझंच लग्न आलं. पंगतीत ज्याला सारखं ‘तुम्ही पुढच्या पंगतीला बसा’ म्हणतात तो शेवटी वाढप्यांबरोबर जेवतो. दिवस पुढे ढकलताना आम्ही माणूस मागे ढकललं होतं, आणि इंग्रजांच्या पूर्वजांना ते माहीत होतं.

आता या सगळ्यावरून आत्या म्हणजे पदराने डोळे टिपणारी बाई वाटेल. तिने ऐकलं तर मला चिमटा काढेल. लग्न पुढे गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच ती वडिलांना म्हणाली, “दादा, बसून काय करू? मशीन शिकव.” दोन महिन्यांत तिचं अक्षर वडिलांपेक्षा चांगलं झालं. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांत नावं घालायची. पुढे वडिलांचे हात थरथरायला लागले आणि दुकानातली ती रविवारची जागा आत्याची झाली, मग रोजची झाली. शेजारी तिची काशीगावची मैत्रीण भांडी वजन करायला. दोघींची दिवसभर जुंपलेली असायची. एक म्हणे पंखा माझ्याकडे फिरव, दुसरी म्हणे तुज्या अंगात चरबी हाय, तुला गरम व्हतं.

माझी शाळा सुटण्याच्या वेळेला आत्या दुकानात असायची आणि मी तिच्या स्टुलाला टेकून अभ्यास करायची. स्टीलच्या चुऱ्याचा आणि मशीन तापल्याचा वास, समोरच्या गाडीवरून येणारा शेवपुरीच्या चिंचेचा वास, आणि वर तिचा तो एकच प्रश्न. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि ती विचारायची, “लग्नाचं आहे का?” हो म्हटलं की म्हणायची, “मग फक्त नाव घालते. तारीख लग्न झाल्यावर.”

लोक वैतागायचे. “मौसी, डेट भी डाल दो ना, कार्ड छप गया है।”

“कार्ड को छपने दो, बेटा. शादी हो जाए तो लेके आना, मैं ऐसे ही डाल दूँगी।”

दुकानाचा शेठ कपाळावर हात मारून घ्यायचा. पण गंमत अशी की मुली खरंच परत यायच्या. हातात हिरवा चुडा, नवी कोरी साडी, आणि पिशवीत खणखणणारे पेले-ताटं. आत्या एकेक काढून तारीख घालायची, सासर कसं आहे विचारायची, आणि जाताना म्हणायची, “आता पक्कं.” भाईंदर-मिरा रोडच्या किती घरांत स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचं अक्षर असेल देव जाणे. मी अजून कुणाकडे पाणी प्यायला घेतलं तर आधी ग्लास उलटासुलटा करून बघते. लोकांना वाटतं, बाई स्वच्छतेची फार.

माझ्या लग्नातही तिने हेच केलं. मी इंग्रजीची पदवीधर, मला ही अंधश्रद्धा वाटली, मी तिच्याशी भांडले. तिने तारीख घातली नाही ती नाहीच. लग्नानंतर दोन दिवसांनी मी मांडवपरतणीला आले तेव्हा दार उघडायच्या आधी आतून कर्रर्र ऐकू आलं. ती माझी ताटं घेऊन बसली होती. मी तिच्या गळ्यात पडले आणि इतकी रडले की नवऱ्याला वाटलं, दोन दिवसांतच आपलं काही चुकलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी मनात म्हटलं, आज शुभ दिवस आहे, नंतर सांगू. मी, मांडवात सगळ्यांच्या आधी पोचणारी.

तर या महिन्यात वडिलांनी ठरवलं की सांगायचं. आठ दिवस मी रोज संध्याकाळी तिथे जात होते आणि आठ दिवस ते ताकाला जाऊन भांडं लपवत होते. आत्या पिशव्या भरायची, हे खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायचे. “काशीगावला पाण्याचं कसं आहे गो?” बरं आहे. “रिक्षा मिळते का?” मिळते. “हायवे ओलांडताना जपून.” “दादा,” आत्या म्हणायची, “मी काशीगावला चाललेय, काशीला नाही.” मग ते उठून गॅलरीत जायचे. मी डोळे वटारले की म्हणायचे, “उद्या. उद्या नक्की.”

शेवटचा रविवार आला. माळा उरला होता. मी स्टुलावर चढले आणि मागच्या बाजूने पोतं ओढलं. दोरी कुजलेली होती, ती तुटली आणि वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या धडाधड खाली आल्या. काही कागद फाटले. चाळीस वर्षांनी ग्लास बाहेर आले, तसेच लखलखीत. स्टील मेलं काही विसरत नाही. एक घरंगळत जाऊन वडिलांच्या पायाला लागला आणि थांबला.

आत्याने तो उचलला. चष्मा वर केला, नाव वाचलं, फुलावरून बोट फिरवलं. “अक्षर काय होतं रे दादा तुझं,” ती म्हणाली.

वडिलांची हनुवटी हलत होती, मघाशी खाल्लेली गोळी अजून तोंडात असल्यासारखी. मी स्टुलावरच उभी. शेवटी मीच म्हटलं, “बाबा, सांगा.”

“काय सांगणार तो?” आत्या म्हणाली. “ठाण्याचं पत्र आलं होतं ते?”

मी स्टुलावरून उतरून खाली बसले. ती ग्लास पदराला पुसत सांगायला लागली, कुणा तिसऱ्याचं सांगावं तशी. लग्न पुढे गेल्याला दोन-अडीच वर्षं झाली होती, ती दुकानात बसायला लागली होती. इथे भांडी स्वस्त म्हणून ठाण्याहूनही गिऱ्हाईक यायचं. एक दिवस एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर तान्हं. बारशाच्या वाट्या घेतल्या आणि नाव घालायला चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर बाळाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. बापाचं नाव हेच, जे या ग्लासावर आहे. तिने मान वर करून पाहिलं. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? पोहे देताना तिची मान खाली होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, घातलं नाव. पाच वाट्या होत्या. विचारलं, तारीख घालू का? बाळाची घालायला हरकत नाही, ते झालेलं आहे.”

“आत्या, तू कधी बोलली का नाहीस?”

“मी कशाला बोलू? मला माहीत होतं. मला सांगायचं काम तुमचं होतं.” आणि ती पहिल्यांदा वडिलांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, पण मी तिला इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. “त्या माणसाची वाट मी अडीच वर्षं बघितली दादा. तुझी चाळीस वर्षं बघतेय. आज सांगशील, उद्या सांगशील. वहिनी गेली तेव्हा वाटलं, आता सांगशील. गेले आठ दिवस पाण्याचं नि रिक्षाचं विचारतोयस. मी काशीगावला का चाललेय असं तुला वाटतं? इथे बसून वाट बघायचा कंटाळा आला मला.”

वडिलांनी दोन्ही हात जोडले. म्हाताऱ्या माणसाने धाकट्या बहिणीपुढे हात जोडलेले बघवत नाहीत. “तुला लागेल म्हणून गो,” ते म्हणाले. “तोंडातून शब्द येईना.”

“हात नको जोडू. तो शब्द बोल. एकदा तोंडाने बोल.”

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी कपाट उतरवताना हिंदीत ओरडत होतं, जरा धीरे, धीरे. वडिलांनी दोनदा ओठ उघडले आणि मिटले.

“मोडलं,” ते म्हणाले. “तुझं लग्न मोडलं गो बाय. तेव्हाच मोडलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

आत्याने मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. “आणि तू गं? हो आत्या, पोस्टपोन. आठवतंय मला.”

“मोडलं, आत्या,” मी म्हणाले. पन्नाशीच्या बाईचा आवाज चौथीतल्या मुलीसारखा निघाला.

ग्लास तिने खाली ठेवला नाही, मांडीवर धरून ठेवला. मग तिने चष्मा काढून डोळे पुसले आणि एकदम तिच्या दुकानातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, “चला, झाले मोकळे. दादा, आता मोडल्याचं लोकांना सांगायला हरकत नाही ना? मग बघ एखादं स्थळ. मुलगी सदुसष्टची आहे म्हणावं, पण अक्षर चांगलं आहे.”

ती हसली. मीही हसले, हसू थांबेना. वडील हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, जमिनीवर पसरलेल्या ग्लासांमध्ये कसेबसे खाली बसले आणि लहान मुलासारखं तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, “उशीर झाला रे दादा, फार उशीर केलास.”